चोचीवरची गाठ आणि मानेवरच्या खाचा: शुद्ध राजहंस कसा ओळखावा, कसा टिकवावा

अंबाजोगाई तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, त्यांच्याकडे पाच राजहंस आहेत: तीन पांढरे आणि दोन राखाडी-तपकिरी. विकणाऱ्याने पांढऱ्यांना ‘एम्डेन’ आणि राखाडी जोडीला ‘टुलूज’ असे सांगून दिले. पांढऱ्यांपैकी एकाच्या चोचीच्या मुळाशी बोराच्या आठळीएवढी गाठ आहे, बाकी दोघांना नाही; पांढऱ्यांचे वजन अंदाजे पाच किलो असल्याचे ते लिहितात. राखाडी दोघांच्या चोचीवर मात्र काळी, ठळक गाठ आहे. गेल्या माघ-फाल्गुनात 19 अंडी मशीनमध्ये ठेवली, पिल्ले निघाली दोन, आणि त्यातल्या एकाच्या अंगावर राखाडी डाग आले. या जाती शुद्ध आहेत का, आणि दुर्मिळ जात म्हणून त्यांची पैदास वाढवून जोड्या विकता येतील का, असा त्यांचा प्रश्न आहे.

परभणी जिल्ह्यात गोदाकाठी माझी शेती आहे आणि गेली 17 वर्षे मी राजहंस पाळतो. त्या अनुभवावरून मला वाटते की आपण एक प्रश्न विचारला असला, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. पक्षी कोणत्या घराण्याचे आहेत, हा पहिला. कोणता नर कोणत्या मादीला लागतो हे आपल्याला ठाऊक आहे का, हा दुसरा. आणि 19 अंड्यांतली 17 का वाया गेली, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर बरेचसे पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या वहीत असायला हवे, आणि ती वही बहुधा अजून सुरू झालेली नाही. तिसऱ्याचे उत्तर अंडी कुठे, किती दिवस आणि कशी ठेवली यावर अवलंबून आहे. हे तिन्ही सुटल्याशिवाय शुद्ध जोडी म्हणून कोणाला पक्षी विकणे योग्य होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो.

आधी नावाविषयी थोडे. आपल्याकडे पाळीव हंसाला सरसकट राजहंस म्हणतात. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उतरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस वेगळे. ते रानपक्षी आहेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. जगातले जवळजवळ सगळे पाळीव हंस दोन रानटी जातींपासून आलेले आहेत. एक युरोप-आशियातील कलहंस. त्याच्यापासून एम्डेन, टुलूज, पिलग्रिम, सेबॅस्टोपोल, रोमन अशा जाती घडल्या. दुसरा पूर्व आशियातील लांब मानेचा रानहंस. त्याच्यापासून चिनी आणि तथाकथित आफ्रिकन या जाती आल्या. आफ्रिकनचा आफ्रिकेशी नावापुरताच संबंध आहे, त्याचे मूळ आशियातच आहे. आपल्या पाच पक्ष्यांबाबत सर्वात आधी ठरवायचे ते हेच, की प्रत्येक पक्षी या दोन घराण्यांपैकी कोणत्या घराण्याचा आहे. जातीचे नाव त्यानंतर.

रंगावरून हे ठरत नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपण देवणी गाय पाहत आलो आहोत. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा हे तिन्ही रंग देवणीतच येतात, आणि नुसते पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले म्हणून कोणी जाणता माणूस जनावराला देवणी म्हणत नाही. तो कपाळ, कान, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) आणि अंगाची ठेवण पाहतो. हंसाचेही तसेच आहे. पांढरा रंग एम्डेनमध्ये आहे, चिनीमध्ये आहे, रोमनमध्ये आहे. निळे डोळेही पांढऱ्या एम्डेन आणि पांढऱ्या चिनी, दोहोंत असतात, त्यामुळे डोळ्यांवरून निकाल लावू नये.

मी पहिल्यांदा मान पाहतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पक्षी बाजूने उभा असताना मानेवरची पिसे नीट पाहावीत. कलहंसाच्या घराण्यातल्या पक्ष्याच्या मानेवर पिसांच्या उभ्या खाचा पडलेल्या दिसतात, जणू नांगराने बारीक तास काढले आहेत. चिनी घराण्यातल्या पक्ष्याची मान मखमलीसारखी गुळगुळीत दिसते. दुसरी खूण गाठीची. चिनी आणि आफ्रिकनमध्ये चोचीच्या मुळाशी कपाळाला लागून गोल गाठ असते, नरात मोठी आणि मादीत लहान, आणि ती पक्षी वयात येता येता वाढते. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कपाळावर गाठ दिसली नाही याचा अर्थ काहीच नसतो. एम्डेन किंवा टुलूजला गाठ अजिबात नसते. तिसरी खूण अंगाची ठेवण. चिनी पक्षी छाती वर काढून ताठ चालतो, मान सडपातळ आणि लांब असते. एम्डेन आणि टुलूज अंगाने आडवे आणि जड असतात. खऱ्या जड टुलूजची पोटाखालची घडी जमिनीला टेकायला आलेली असते आणि गळ्याखाली पोळी लोंबते.

चौथी खूण वजनाची आणि ती सगळ्यात कमी वापरली जाते. पक्षी गोणपाटात घालून, पंख दाबून, ताणकाट्याला लावावा. पूर्ण वाढलेल्या चिनी नराचे प्रमाण वजन साधारण 5.4 किलो आणि मादीचे 4.5 किलो धरले जाते; आफ्रिकनचे अनुक्रमे 10 आणि 8 किलो; एम्डेन आणि टुलूजचे जवळपास 12 आणि 9 किलो. ही प्रमाणे प्रदर्शनांच्या नियमावलीतली आहेत आणि आपल्या खुराकावर, आपल्या उन्हात पक्षी त्याहून हलका राहू शकतो. तरीही आपण लिहिल्याप्रमाणे पांढरे पक्षी पाच किलोंच्या आसपास भरत असतील, तर ते शुद्ध एम्डेन असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

आता आपल्या पक्ष्यांकडे वळतो. राखाडी जोडीच्या चोचीवर काळी ठळक गाठ आहे, म्हणजे ती टुलूज नाही हे न पाहताही म्हणता येते. त्यांची मान गुळगुळीत असेल, डोक्यापासून मानेच्या मागून पाठीपर्यंत गडद तपकिरी पट्टा उतरत असेल आणि गळ्याखाली पोळी नसेल, तर ती तपकिरी चिनी जोडी आहे. गळ्याखाली पोळी असेल आणि वजन सात-आठ किलोंच्या पुढे जात असेल, तर आफ्रिकनचे रक्त आहे असे समजावे. पांढऱ्यांपैकी अर्धवट गाठीचा पक्षी मला सर्वात जास्त शंकास्पद वाटतो. तो कमी वयाचा असेल किंवा चिनी मादी असेल, तर लहान गाठ स्वाभाविक आहे. पण पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला आठळीएवढी गाठ आणि मानेवर पुसटशा खाचा अशी जोड दिसली, तर तो दोन घराण्यांचा संकर आहे. उरलेल्या दोन पांढऱ्यांना गाठ नाही आणि वजन मात्र चिनीएवढे आहे. तेही बहुधा संकरच असावेत.

डागाळलेल्या पिल्लाचे कोडेही यातून सुटते. दोन पांढऱ्या पक्ष्यांपासून रंगीत पिल्लू कसे निघाले, असे आपल्याला वाटले असेल. एम्डेनचा पांढरेपणा आणि चिनीचा पांढरेपणा वेगवेगळ्या जनुकांमुळे येतो. त्यामुळे ही दोन घराणी एकत्र आली की एकाचे झाकलेपण दुसरा उघडे करतो आणि पिल्लाच्या अंगावर राखाडी पिसे येऊ शकतात. अर्थात राखाडी नर पांढऱ्या मादीला लागला असेल, तरी असेच होईल. पाचही पक्षी एकाच अंगणात असताना यातले काय घडले, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, आणि माझ्या मते आपली खरी अडचण इथेच आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. 2016 च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, माझी विहीर होळीनंतर आटली. चिनी आणि बिनगाठीचे जड राखाडी असे दोन कळप मी वेगळे ठेवत होतो, पण पाणी एकाच हौदापुरते उरले, म्हणून दोन्ही कळप एकत्र सोडले. अंड्यांचा हंगाम संपला आहे, आता मिसळले तर काय बिघडते, असा माझा विचार होता. हंस जोडी धरतो आणि ती सहजासहजी सोडत नाही, हे मला तेव्हा पुरते उमगले नव्हते. पाऊस पडल्यावरही मी त्यांना डिसेंबरपर्यंत एकत्रच राहू दिले आणि अंडी सुरू व्हायच्या तोंडावर वेगळे केले. दोन राखाडी माद्या जाळीला छाती लावून चिनी नराच्या दिशेने दिवसभर ओरडत उभ्या राहायच्या आणि आपल्या नराला जवळ येऊ देत नव्हत्या. त्या हंगामातल्या पिल्लांना पाच महिन्यांनी अर्धवट गाठी आल्या, तेव्हा मिश्रण लक्षात आले. तोपर्यंत तीन जोड्या शुद्ध म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्या मी पैसे देऊन परत आणल्या, पण ते वर्ष आणि त्या माद्यांचा पुढचा हंगाम हातचा गेला.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: पैदाशीचे गट पोळ्याच्या सुमारास वेगळे करायचे आणि होळीपर्यंत मोडायचे नाहीत. माझ्याकडे चिनी माद्या दिवाळीनंतर अंड्यांवर येतात आणि उन्हे तापली की थांबतात. आपल्याकडेही पंधरवड्याच्या फरकाने हेच दिसेल. जोडी जमायला किमान महिना हवा, म्हणून पोळ्याला वेगळे केलेले गट अंड्यांपर्यंत एकमेकांना सरावतात. नर बदलायची वेळ आलीच, तर पहिला नर काढल्यावर तीन ते चार आठवड्यांची अंडी उबवणीला घेत नाही, कारण मिलनानंतर दहा दिवस आणि कधी त्याहूनही अधिक काळ मादीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज टिकते.

नर-मादीची खात्री झाली आहे का, हेही पाहावे लागेल. आपण तीन पांढऱ्यांपैकी कोण नर हे लिहिलेले नाही. नराची हाक उंच आणि किरटी असते, मादीची खालच्या पट्टीतली आणि घोगरी. चिनीत गाठीच्या आकाराचीही मदत होते. पण पक्की खात्री शेपटीखालचे छिद्र उघडून पाहूनच होते, आणि ते काम पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावे, कारण जोर लावला तर पक्ष्याला कायमची इजा होते. चिनीत एका नराला तीन ते पाच माद्या चालतात. जड जातीत दोन, फार तर तीन. आपल्या पाचांत दोन किंवा तीन नर असतील, तर ते हंगामभर एकमेकांशी भांडत राहतील आणि अंडी रिकामी जातील.

माझा सल्ला असा आहे की एम्डेन आणि टुलूज ही दोन्ही नावे सोडून द्यावीत. राखाडी जोडी वरच्या खुणांना उतरली, तर तिच्यापासून तपकिरी चिनी वंश उभा करावा. पांढरे तिन्ही अंगणात राखणीला ठेवावेत, कारण अनोळखी माणूस किंवा मुंगूस दिसले की त्यांच्यासारखा गलका कोणी करत नाही. पण त्यांची अंडी पैदाशीला घेऊ नयेत. पांढऱ्यांना शुद्ध नर लावून हळूहळू सुधारणा करू, असे मनात येईल. त्याचा हिशेब पाहा: पहिल्या पिढीत शुद्ध रक्त 50 टक्के, मग 75, मग 87.5, आणि चौथ्या पिढीत 93.75. हंसाची अंडी भरवशाने उबतात ती त्याच्या दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे चार पिढ्यांना आठ वर्षे. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या खर्चात दोन चांगल्या जोड्या आणून त्यांचा वंश उभा राहतो. शिवाय 42-43 अंशांच्या आपल्या उन्हाळ्यात चिनी पक्षी जड जातींपेक्षा खूप चांगले निभावतात, आणि जड जातींना मिलनासाठी खोल पाणी जितके लागते तितके यांना लागत नाही.

चिनी ही जगाच्या हिशेबाने दुर्मिळ जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्याकडे दुर्मिळ आहे तो आई-बाप लिहून ठेवलेला पक्षी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने हंसाची देशातली पहिली जात म्हणून काश्मीर अंझची नोंद केली, तीही पक्षी दिसायला आगळा होता म्हणून नव्हे; एका प्रदेशात, ठरावीक गुणांसह, पिढ्यानपिढ्या तसाच उपजणारा कळप होता म्हणून. शुद्धतेची कसोटी तीच आहे. एका जोडीची तीन हंगामांतली सगळी पिल्ले मोठी झाल्यावर मान, गाठ, रंग आणि वजन यांत आई-बापांसारखीच निघाली, तर ती जोडी शुद्ध आहे असे मी म्हणतो. त्यासाठी पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच पायाच्या पडद्याला बारीक छिद्राची खूण करावी. डावा-उजवा पाय आणि आतला-बाहेरचा पडदा धरून चार जागा मिळतात आणि त्यांच्या जोडाजोडीने पुष्कळ कुटुंबे ओळखता येतात. अंड्यावर मादीची खूण आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहावी.

एकाच जोडीवर वंश उभा करताना सगोत्र, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा धोका मोठा असतो. एक नर आणि तीन माद्या असा गट, दिसायला चार पक्ष्यांचा असला, तरी आनुवंशिकतेच्या हिशेबाने तीन पक्ष्यांएवढाच भरतो, आणि दर पिढीला सगोत्रता सुमारे 16 ते 17 टक्क्यांनी वाढते. तीन नर आणि नऊ माद्या ठेवल्या, तर ती वाढ साडेपाच टक्क्यांवर येते. म्हणून दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणखी दोन नर आणावेत, तीन कुटुंबे करावीत, आणि प्रत्येक पिढीत पहिल्या कुटुंबातले तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्यातले तिसऱ्याकडे, तिसऱ्यातले पहिल्याकडे असे फिरवावेत. माद्या आपापल्या कुटुंबातच राहतात. हंस दीर्घायुषी आहे, मादी आठ-दहा वर्षे अंडी देऊ शकते, ही आपली मोठी सोय आहे. चांगल्या माद्या लवकर बदलू नयेत. पिढी जितकी लांबेल, तितकी सगोत्रता वर्षांच्या हिशेबाने हळू वाढते.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: नावे सोडा, घराणे ओळखा, पोळ्याला गट वेगळे करा, वही उघडा. उरला 17 वाया गेलेल्या अंड्यांचा प्रश्न.

ती अंडी फोडून पाहिली होती का, हे कळले असते तर नेमके सांगता आले असते. आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली, तर जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. अंडे स्वच्छ दिसले, तर दोष मिलनात आहे. रक्ताचे कडे दिसले, तर गर्भ सुरुवातीलाच मेला, आणि तो बहुतेक वेळा साठवणीचा दोष असतो. पिल्लू पूर्ण वाढून आतच मेले असेल, तर आर्द्रता, तापमान किंवा अंडी फिरवणे यांत चुकले आहे.

आपल्या भागात साठवणीचाच दोष मी जास्त पाहिला आहे. साधारण 20-21 अंशांच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू वाढायला लागतो, आणि फाल्गुनात पत्र्याखालची खोली दुपारी 35 च्या पुढे जाते. 15 ते 18 अंश ही योग्य साठवण, आणि सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. मी मोठा माठ ओल्या वाळूत अर्धा पुरून, आत कोरडा तुरीचा भुसा घालून त्यात अंडी ठेवतो आणि रोज कूस बदलतो. तापमापी माठात सोडून पाहिली आहे. माघापर्यंत हे चालते, त्यानंतर माठही पुरेसा थंड राहत नाही, म्हणून उशिराची अंडी मी उबवणीला घेतच नाही.

मशीनमध्ये, पंखा असेल तर, 37.5 अंश ठेवावे. कोंबडीच्या अंड्यांचे तिरपे होणारे ट्रे हंसाच्या अंड्याला पुरे पडत नाहीत; अंडे आडवे ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हाताने अर्ध्या फेऱ्याने फिरवावे. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडून अंडी निवू द्यावीत आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा, कारण मादी घरट्यावरून उठून ओल्या अंगाने परतते, तेच आपल्याला करायचे असते. आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास आणि शेवटच्या तीन दिवसांत 75 च्या पुढे हवी. यंत्राच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा अंडेच तोलावे: 150 ग्रॅमचे अंडे 28 व्या दिवशी 129-130 ग्रॅमवर आले, म्हणजे सुमारे 14 टक्के घट झाली, तर आर्द्रता जमली. आपल्या कोरड्या हवेत ते बहुधा त्याहून जास्त सुकलेले आढळेल. चिनीची पिल्ले 28 ते 30 दिवसांत निघतात. चिनी माद्या खुडूक बसण्याचा भरवसा नसतो. देशी खुडूक कोंबडीखाली चार-पाच अंडी बसतात, मात्र ती तिला उलटता येत नाहीत, तेव्हा ते काम आपणच करावे.

पिल्लांबाबत दोनच गोष्टी सांगतो. कोंबडीच्या खाद्यात नायसिन हे जीवनसत्त्व हंसाच्या गरजेपेक्षा कमी असते आणि पिल्लांचे पाय वाकतात. खाद्यात यीस्ट मिसळावे. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड थोडीही देऊ नये. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, पाणपक्ष्यांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर मारते. तिसऱ्या आठवड्यानंतर हराळी आणि लसूणघास भरपूर द्यावा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र पक्षी सोडू नयेत. नखांनी कागद फाटतो आणि पिल्लांना त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. दीड फूट खोल, एका बाजूला खरबरीत उतार असलेला सिमेंटचा लहान हौद पुरतो, आणि त्याचे पाणी लिंबाच्या झाडांना देता येते.

नवे नर आणाल, तेव्हा त्यांना 30 दिवस कोंबड्यांपासून आणि जुन्या हंसांपासून दूर ठेवावे. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, तो आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पाणपक्षी कधीकधी स्वतः आजारी न दिसता असा विषाणू बाळगतात. एकाएकी मरतुक झाली, तर मेलेला पक्षी उघडू नये. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

आता आपण तीन गोष्टी कळवाव्यात: पाचही पक्ष्यांची ताणकाट्यावरची वजने, सकाळच्या उन्हात बाजूने काढलेले प्रत्येकाच्या मानेचे जवळून छायाचित्र, आणि राखाडी जोडीच्या गळ्याखाली पोळी आहे की नाही. त्या अर्धवट गाठीच्या पक्ष्याचे वय विकणाऱ्याला विचारून ठेवावे. हे हाती आले की राखाडी जोडी पैदाशीला घ्यायची की नाही, ते पोळ्याच्या आत नक्की करता येईल.